बफेलो गॅपच्या गवताळ प्रदेशात आरव्हीने मुक्काम : प्रथम जाणाऱ्यांसाठी

शिकागो किंवा मिनिॲपोलिसहून माउंट रशमोर आणि पुढे यलोस्टोनकडे निघालेली बहुतेक मराठी कुटुंबे साउथ डकोटा राज्यातून आय-९० महामार्गाने जातात, वॉल या छोट्या गावी जेवायला थांबतात, बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात दोन-तीन ठिकाणी उतरून छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळपर्यंत रॅपिड सिटी गाठतात. याच महामार्गाच्या दक्षिणेला, उद्यानाला खेटून, बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड हा जवळपास सहा लाख एकरांचा गवताळ प्रदेश पसरलेला आहे आणि तेथे स्वतःची सोय स्वतः करणाऱ्याला विनाशुल्क मुक्काम करता येतो, याची त्यांतील फार थोड्यांना कल्पना असते. आरव्ही भाड्याने घेऊन दोन-तीन रात्री या माळावर राहू इच्छिणाऱ्या, पण अशा मुक्कामाचा पूर्वानुभव नसलेल्या कुटुंबांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. वॉलच्या आसपासच्या या माळावर कॅम्पग्राउंड नाही, नळ नाही, विजेची जोडणी नाही, शौचालय नाही, सावलीला झाड नाही आणि मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर खरे, परंतु ते घर चालते ते पाणी, वीज, इंधन आणि सांडपाणी या चार साठ्यांवर, आणि माळावर गेल्यानंतर यांपैकी कोणताही साठा बदलता येत नाही. म्हणून कोणती ठिकाणे पाहायची याची यादी करण्याआधी आपल्या गाडीच्या टाक्या किती दिवस पुरतील याचा हिशेब मांडावा आणि मगच नकाशा उघडावा.

ही जमीन कोणाची

हा प्रश्न अभ्यासापुरता नाही. गाडी कोठे उभी करायची हे त्याच्या उत्तरावर ठरते. १८६२च्या होमस्टेड कायद्यानंतर वसाहतकऱ्यांनी या भागात लहान-लहान शेते काढली आणि शतकानुशतकांचे गवत नांगरून टाकले. येथील कोरड्या हवामानात ती शेती टिकण्यासारखी नव्हती. १९३०च्या दशकातील दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत अनेक कुटुंबे देशोधडीला लागली, तेव्हा सरकारने त्यांच्या उजाड जमिनी विकत घेतल्या. १९३७च्या बँकहेड-जोन्स कायद्याने या खरेदीला बळ मिळाले आणि १९६० साली अशा जमिनींना नॅशनल ग्रासलँड हा दर्जा देण्यात आला. जे शेतकरी टिकून राहिले त्यांच्या जमिनी मात्र त्यांच्याकडेच राहिल्या. त्यामुळे आजचा ग्रासलँड सलग नसून सरकारी आणि खाजगी तुकड्यांचे ठिगळकाम आहे. शिवाय दक्षिणेला ओग्लाला लाकोटा या मूळनिवासी लोकांचे पाइन रिज रिझर्व्हेशन आहे, जेथे सरकारी माळाचे नियम लागू होत नाहीत.

तात्पर्य, कुंपण नाही म्हणून जमीन मोकळी आहे असे समजू नये आणि कुंपण आहे म्हणून ती खाजगीच आहे असेही समजू नये, कारण सरकारी जमिनीवरही परवानाधारक पशुपालकांची गुरे चरतात. सरकारी माळाची व्यवस्था पाहणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसचा (वनसेवेचा) मोटार व्हेइकल यूज मॅप विनामूल्य मिळतो. वाहनांना कोणते रस्ते खुले आहेत हे त्यावर दाखवलेले असते, आणि त्या रस्त्यांव्यतिरिक्त कोठेही गाडी घालण्यास मनाई आहे. हा नकाशा घरीच फोनवर उतरवून घ्यावा, त्याची छापील प्रतही जवळ ठेवावी, आणि वॉलच्या मुख्य रस्त्यावरील नॅशनल ग्रासलँड्स व्हिजिटर सेंटर उघडे असेल तर तेथे जाऊन दोन प्रश्न अवश्य विचारावेत : सध्या रस्ते कसे आहेत आणि आगीविषयी कोणते निर्बंध आहेत. एका जागी सलग १४ दिवसांपर्यंत राहता येते, ही मर्यादा आपल्याला पुरेशी आहे.

केव्हा जावे

मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. गवत हिरवे असते, रानफुले असतात आणि दिवस मोठा असतो. याच काळात गडगडाटी पावसाचा जोरही असतो, हे मात्र गृहीत धरावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ शकते आणि वीजजोडणीशिवाय एसी रात्रभर चालवणे शक्य नसते. लहान मुले किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर हे दोन महिने टाळावेत. भारतातून आलेले आई-वडील साधारणपणे याच महिन्यांत मुक्कामाला असतात, म्हणून हा मुद्दा मुद्दाम सांगत आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच्या स्टर्जिस गावी मोटारसायकलस्वारांचा प्रचंड मोठा मेळावा भरतो आणि रॅपिड सिटीच्या आसपासची कॅम्पग्राउंड भरून जातात. सप्टेंबर कोरडा, थंडावलेला आणि निवांत असतो; शाळेची सुट्टी आड येत नसेल तर तोच निवडावा. ऑक्टोबरपासून रात्री पाणी गोठण्याची शक्यता असते आणि आरव्हीच्या नळ्या फुटण्याचा धोका नवख्याने पत्करू नये.

गाडी निवडताना

भाड्याच्या आरव्हींपैकी ज्यांना क्लास सी म्हणतात, म्हणजे ज्यांच्या चालकाच्या डोक्यावर पलंगाचा माळा असतो, त्या चार जणांच्या कुटुंबाला सोयीच्या पडतात. त्यांतही बसेल तेवढी लहान गाडी घ्यावी. तीस फुटी गाडीत ऐसपैस राहता येते, पण कच्च्या रस्त्यावर ती वळवणे कठीण जाते आणि वारा तिला अधिक ढकलतो. उद्यानातील सेज क्रीक या विनाशुल्क कॅम्पग्राउंडमध्ये तर १८ फुटांपेक्षा लांब आरव्ही नेताच येत नाही. क्लास सी गाडी बहुधा याहून लांबच असते, त्यामुळे त्या जागेवर विसंबून बेत आखू नये.

करारातील बारीक अक्षरे येथे फार महत्त्वाची ठरतात. अनेक भाडे कंपन्या कच्च्या किंवा खडीच्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई करतात, किंवा तेथे झालेल्या नुकसानीला विमा लागू नसल्याचे लिहितात. माळावर जाण्याचा बेत कंपनीला आधी सांगून लेखी परवानगी घ्यावी. जादा टायर गाडीत आहे की नाही, आणि नसल्यास टायर फुटल्यावर मदत कोणत्या अंतरापर्यंत येते, हेही विचारावे. गाडी ताब्यात घेताना कर्मचारी घाईघाईने सर्व दाखवतात; त्या वेळी फोनवर चित्रफीत काढून ठेवावी, कारण पंपाचे बटण कोठे आहे आणि कोणती झडप कोणत्या टाकीची आहे हे रात्री अंधारात आठवत नाही.

शिकागोहून वॉल साडेआठशे मैलांच्या आसपास आहे. एवढे अंतर मोटारीच्या हिशेबाने एका दिवसात कापण्याचा विचार करू नये. साउथ डकोटात आय-९०वर ताशी ८० मैलांची मर्यादा आहे, पण आरव्ही साठ-पासष्टच्या पुढे नेण्यात शहाणपण नाही. आडव्या वाऱ्यात तर त्याहूनही कमी. वाटेत एक मुक्काम करावा. मिसुरी नदी ओलांडून पश्चिमेला गेल्यावर घड्याळ एक तास मागे जाते, तेव्हा ठरवलेल्या वेळा त्यानुसार तपासाव्यात.

पहिली रात्र जोडणी असलेल्या जागी

थेट माळावर उतरण्याऐवजी पहिली रात्र उद्यानातील सीडर पास कॅम्पग्राउंडमध्ये किंवा वॉलमधील एखाद्या आरव्ही पार्कमध्ये आरक्षण करून काढावी. सीडर पासच्या काही जागांवर वीज मिळते. या एका रात्रीत फ्रिज, पंप, गिझर, गॅस आणि झडपा यांची सवय होते, बिघाड असेल तर तो मदत जवळ असतानाच लक्षात येतो, आणि सकाळी भरलेली पाण्याची टाकी, रिकाम्या सांडपाण्याच्या टाक्या आणि पूर्ण चार्ज झालेली बॅटरी घेऊन निघता येते. ही रात्र मी ऐच्छिक मानत नाही.

पाणी

पंचवीस फुटी क्लास सी गाडीत शुद्ध पाण्याची टाकी साधारण ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची असते. नेहमीच्या सवयीने वापरले तर चार माणसे हे पाणी एका दिवसात संपवतात. जपून वापरले तर दोन दिवस, फार तर तीन दिवस पुरते. पिण्याचे पाणी या टाकीतले धरू नये. माणशी रोज एक गॅलन याप्रमाणे ते वेगळ्या कॅनमधून न्यावे आणि त्यात एका दिवसाची जादा भर ठेवावी. ही भर का, ते पुढे पावसाच्या मुद्द्यात येईल. चालायला जाणार असाल तर उद्यानाचा सल्ला दर दोन तासांना माणशी दोन क्वार्ट, म्हणजे सुमारे दोन लिटर पाण्याचा आहे. वाऱ्यामुळे घाम लगेच वाळतो आणि तहान उशिरा कळते.

आंघोळीसाठी आपल्याकडील बादली-तांब्याची पद्धत शॉवरपेक्षा कितीतरी सरस ठरते. शॉवरच्या जागी एक घडीचे टब ठेवून अर्ध्या बादलीत स्नान उरकता येते. वापरलेले पाणी माळावर ओतू नये. स्वयंपाकघराचे व आंघोळीचे पाणी ग्रे टाकीत आणि शौचालयाचे ब्लॅक टाकीत जाते, आणि दोन्ही टाक्या केवळ डंप स्टेशनवरच रिकाम्या करायच्या असतात. नवख्यांची ग्रे टाकी बहुधा सर्वांत आधी भरते, याचे कारण भांडी. ताटे आधी कागदाने निपटून घ्यावीत आणि नंतरच धुवावीत. तेलकट आमटी टाकीत गेली की नळीत थर बसतो आणि वास सुटतो. ब्लॅक टाकीची झडप मुक्कामभर बंदच ठेवावी, शौचालयात आरव्हीसाठीचाच कागद वापरावा आणि रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे असा क्रम पाळावा, म्हणजे साबणाचे पाणी नळी धुऊन काढते.

वीज आणि इंधन

बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप, पंखा आणि हीटरचा झोतपंखा एवढेच चालते. मायक्रोवेव्ह, मिक्सर, राइस कुकर, इंडक्शन आणि एसी यांना जनरेटर सुरू करावा लागतो. भाड्याच्या आरव्हीतील जनरेटर बहुधा गाडीच्याच टाकीतील पेट्रोल घेतो आणि टाकी साधारण पाव भागावर आली की आपोआप बंद पडतो, जेणेकरून परतण्यापुरते इंधन शिल्लक राहावे. म्हणून वॉलमध्ये टाकी काठोकाठ भरूनच माळाकडे वळावे. एका गॅलनला आठ ते दहा मैल एवढीच गाडी जाते आणि समोरून वारा असेल तर त्याहूनही कमी. सकाळी व संध्याकाळी एक-एक तास जनरेटर चालवावा, रात्री चालवू नये. आवाज दूरवर जातो आणि धुराचा झोत बंद खिडक्यांजवळ साचणे धोक्याचे असते. कार्बन मोनॉक्साइड आणि प्रोपेन यांचे सूचक यंत्र चालू स्थितीत आहे की नाही, हे पहिल्याच रात्री बटण दाबून पाहावे.

फ्रिज प्रोपेनवर चालणारा असेल तर गाडी समतल उभी असणे आवश्यक असते, अन्यथा तो थंड होत नाही आणि त्याची यंत्रणा बिघडू शकते. चाकांखाली ठेवायचे प्लास्टिकचे ठोकळे भाड्याच्या सामानात मागून घ्यावेत.

स्वयंपाक

आरव्हीतील स्वयंपाकघर आणि झोपायची जागा यांत दोन हातांचेही अंतर नसते, आणि छतावरील धुराचे सूचक यंत्र नेमके त्यांच्या मध्ये असते. मोहरी तडतडून मिरची पडली की ते किंचाळू लागते. ते काढून ठेवण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी छताचा झरोका उघडून त्याचा पंखा सुरू करावा, किंवा फोडणीचे काम बाहेर टेबलावर लहान गॅस स्टोव्हवर करावे. वारा असेल तर बाहेरही नको. सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोडणी घरूनच करून बाटलीतून नेणे. लहान प्रेशर कुकर अवश्य न्यावा, त्याने पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात. मेतकूट-भात, घरून नेलेल्या पोळ्या, थालीपिठाची भाजणी, दशम्या, कोरडी चटणी आणि उकडलेले बटाटे एवढ्यावर दोन दिवस उत्तम निघतात, भांडी कमी पडतात आणि मुलांना बाहेर जास्त वेळ मिळतो.

शेकोटीचा विचार मात्र सोडून द्यावा. बॅडलँड्स उद्यानात उघड्या आगीला पूर्ण मनाई आहे. उद्यानाबाहेर निर्बंध कोरडेपणानुसार बदलतात, पण नियम काहीही असला तरी माळावर आग लावू नये असे माझे ठाम मत आहे. वाळलेल्या गवतातील आग वाऱ्याबरोबर माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने जाते.

जागा कशी निवडावी

नवख्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे नोमॅड व्ह्यू. वॉलहून दक्षिणेला २४० क्रमांकाच्या रस्त्याने उद्यानाच्या पिनॅकल्स प्रवेशद्वाराकडे जाताना, प्रवेशद्वाराच्या अलीकडे ती लागते. पठाराच्या अगदी कडेला गाड्या उभ्या राहतात आणि खाली बॅडलँड्सची मातीची शिखरे पसरलेली दिसतात. कडेला कठडा नाही आणि माती ठिसूळ आहे, म्हणून मुले बरोबर असतील तर कडेपासून बरीच मागे जागा धरावी. लोकप्रियतेमुळे तेथे शेजार मिळतो. पहिल्या मुक्कामात तो शेजार आधाराचाच वाटतो. चाकोऱ्या खोल आहेत, म्हणून एकाने आधी चालत जाऊन वाट पाहावी आणि मगच गाडी न्यावी.

पोहोचायचे ते उजेडात. इतरांच्या गाड्या जेथे उभ्या राहिल्याने माती उघडी पडली आहे तेथेच उभे राहावे. उंच वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण एक्झॉस्टच्या तापलेल्या भागाने गवत पेट घेते. वारा ज्या दिशेने येतो तिकडे गाडीचे नाक ठेवावे. बाहेरची कापडी कनात उघडली असेल तर गाडीपासून दूर जाताना आणि झोपताना ती न चुकता गुंडाळावी. येथील वारा मिनिटभरात तिचे दांडे पिळवटून टाकू शकतो.

पावसाचे गणित वेगळेच आहे. येथील मातीत बेंटोनाइट आहे. ती ओली झाली की फुगते, साबणासारखी निसरडी होते आणि चाकांना इतकी चिकटते की नक्षी दिसेनाशी होऊन टायर गुळगुळीत होतो. स्थानिक लोक तिला गंबो म्हणतात. अशा मातीत गाडी हलवण्याचा प्रयत्न केल्यास ती अधिक रुतते, आणि एवढ्या जड गाडीला ओढून काढणारे वाहन वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर घेते. पाऊस पडून गेला तर ऊन-वाऱ्याने जमीन वाळेपर्यंत जागीच थांबावे, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत. वर सांगितलेले जादा दिवसाचे पाणी यासाठीच असते. परतीच्या विमानाची किंवा कामाची वेळ मुक्कामाला लागून ठेवू नये.

मोठे वादळ येणार असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. आरव्ही गारपिटीत आणि टॉर्नेडोत, म्हणजे जमिनीवर उतरणाऱ्या वावटळीच्या वादळात, सुरक्षित निवारा नाही. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ बरोबर ठेवावा, रॅपिड सिटीच्या हवामान कार्यालयाचा अंदाज रोज सकाळी मिळवावा, आणि टॉर्नेडो वॉच जाहीर होताच, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे एवढे कळताच, पाऊस सुरू होण्यापूर्वी वॉलमधील पक्क्या इमारतीत जाऊन बसावे. वॉर्निंग, म्हणजे टॉर्नेडो प्रत्यक्ष आढळल्याचा इशारा, येईपर्यंत वाट पाहिली तर रस्ता ओला झालेला असतो.

माळावरचे रहिवासी

आपल्याकडे माळरानाला पडीक म्हणण्याची सवय इतकी जुनी आहे की सोलापूरजवळच्या नान्नजसारखा माळढोक पक्ष्याचा अधिवासही बघणाऱ्याला ओसाड वाटतो. बफेलो गॅपलाही पहिल्या तासात तसेच वाटते. गाडीतून उतरून गुडघ्यांवर बसावे आणि हातभर जागा न्याहाळावी. बफेलो ग्रास बोटभर उंचीचे, कुरळे आणि राखाडी हिरवे असते; त्यातून वर आलेल्या ब्लू ग्रामाच्या काडीवर एका बाजूला झुकलेल्या भुवईसारखे तुरे असतात. कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीवर काळा पट्टा मिरवणारा मेडोलार्क गात असतो, आणि त्याचा आवाज पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो.

बायसन मुख्यतः उद्यानाच्या पश्चिम भागात, सेज क्रीकच्या बाजूला आढळतात. १९६३ साली ते येथे पुन्हा आणले गेले. नराचे वजन ९०० किलोपर्यंत जाते आणि तो माणसापेक्षा खूप वेगाने धावतो. किमान शंभर यार्ड अंतर ठेवावे, आणि शेपटी ताठ उभी राहिलेली दिसली तर लगेच मागे फिरावे. ग्रासलँडवर जी जनावरे दिसतील ती बहुधा पाळीव गुरे असतात. फाटक जसे आढळले तसेच ठेवावे : बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे.

प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातील, बिळांत राहणाऱ्या प्राण्याच्या वस्त्या मुलांना अतिशय आवडतात, पण त्यांना खाऊ घालू नये आणि त्यांच्या बिळांजवळ बसू नये. त्यांच्या पिसवांमधून प्लेग पसरतो. २००८ साली तो येथील कोनाटा बेसिनमध्ये शिरला आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. बरोबर कुत्रा असेल तर त्याला साखळीवर ठेवून या वस्त्यांपासून दूर न्यावे. याच प्रेअरी डॉगांवर ब्लॅक-फुटेड फेरेट हा मुंगसाच्या चणीचा निशाचर प्राणी जगतो. तो नामशेष झाला असे मानले जात असताना १९८१ साली वायोमिंगमध्ये त्याची एक टोळी सापडली, आणि पिंजऱ्यात वाढवलेली त्याची प्रजा १९९०च्या दशकात कोनाटा बेसिनमध्ये सोडण्यात आली. रात्री प्रखर दिवे टाकून त्याला शोधत फिरणे योग्य नाही. वस्ती जपली तर तो जगतो.

रॅटलस्नेक हे विषारी साप येथे आहेत. घोटा झाकणारे बूट, संध्याकाळनंतर हातात विजेरी आणि बिळात किंवा दगडाखाली हात न घालणे एवढी काळजी पुरते. चावा झालाच तर जखम कापणे, आवळून बांधणे असले उपाय न करता माणसाला शांत ठेवून ९११ला फोन करावा. मोठे रुग्णालय सुमारे ५५ मैलांवर रॅपिड सिटीत आहे. म्हणून रेंज सर्वांत जवळ कोठे मिळते हे पोहोचल्याच दिवशी पाहून ठेवावे, आणि शक्य असल्यास उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण भाड्याने न्यावे.

निघताना

निघण्याच्या सकाळी गाडीभोवती एक फेरी मारून कनात, पायरी, छताचा झरोका, गॅसची झडप आणि कपाटांच्या कड्या तपासाव्यात. ठोकळे उचलावेत आणि कागदाचा बोळाही मागे राहणार नाही असे पाहावे. बूट, चाके आणि पायघोळ कपडे यांना चिकटलेले बी झाडून कचऱ्याच्या पिशवीत घ्यावे, म्हणजे परके तण पुढच्या माळावर पोहोचणार नाही. दोन्ही टाक्या सीडर पासच्या किंवा वाटेतील डंप स्टेशनवर रिकाम्या कराव्यात, हातमोजे घालूनच. कंपनीने इंधन आणि प्रोपेन कोणत्या पातळीला मागितले आहे ते करारात पाहून घ्यावे, आणि गाडी परत देण्याच्या वेळेपूर्वी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा.